मागचं डावं दार

३ फेब्रुवारी, सोमवार

तिसऱ्यांदा उतरल्या! भर चौकात. सिग्नल हिरवा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, आरशात बघून दार उघडलं — सगळं मी शिकवलं तसंच — आणि सरळ रस्त्यावर. मागे ट्रक. त्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. सिस्टर गाडीला वळसा घालून मागच्या डाव्या दाराशी गेल्या, कमरेने एक धक्का दिला, हँडल चाचपलं, परत आल्या, पट्टा लावला.

"बंद आहे," म्हणाल्या.

"बंदच असतं. दीड वर्षं बंदच आहे. आवाज खोटा आहे. पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना?"

"हो मॅडम."

तोवर सिग्नल लाल. ट्रकवाला डोकं बाहेर काढून — "ओ ताई, घर इथंच बांधताय का?"

इथे लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. गाडी चौदा वर्षांची. ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे ही गाडी आणि मी. माझ्या पायाशी वेगळा ब्रेक, वेगळा क्लच. चालू गाडीत दार नीट लागलेलं नसलं की ती टुंग टुंग वाजते आणि समोर उघड्या दाराचं लाल चित्र लागतं. पण हिचं दार लागलेलं असतं तरी वाजते. दोन मेकॅनिक झाले. आता मी ऐकत नाही. शिकायला येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी तीन गोष्टी सांगते. आरसा बघा, पट्टा लावा, त्या आवाजाकडे लक्ष देऊ नका. सगळे शिकतात. आठवडाभराने कोणाला तो ऐकूही येत नाही.

सिस्टरना येतो.

वीस वर्षं हॉस्पिटलात नर्स. आता घरोघरी जाऊन रुग्ण बघायची जागा निघाली आहे, तिला लायसन्स हवं. अठ्ठावीस तारखेच्या आत दाखवायचं. परीक्षा सतराला. ती हुकली तर पुढची एप्रिलमध्ये, आणि जागा एप्रिलपर्यंत थांबत नसते. परीक्षा याच गाडीत. साहेब शेजारी बसणार. चौकात उतरणाऱ्या बाईला साहेब काय देणार!

घरी हे प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून बसलेले. बल्ब बदलताना स्टुलावरून पडले, त्याला महिना होईल. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. "काय, आज किती वेळा?" मी तीन बोटं दाखवली. "छान. माझा पाय मोडला, तुझ्या गाडीचा घसा बसेना, आणि सिस्टरचा पाय गाडीत ठरेना."


४ फेब्रुवारी, मंगळवार

चार वेळा. मोजायचं नाही असं ठरवलं होतं.


६ फेब्रुवारी, गुरुवार

उजव्या वळणावर जास्त वाजते. आणि गतिरोधकावर. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, सिस्टरनी सांगितलं. "डावीकडे वळलं की गप्प असते. उजवीकडे वळलं की बोलते." मी म्हटलं, जुन्या गाड्यांच्या लहरी असतात. माणसांसारखंच.

मागच्या वर्षी एक शिंपी शिकायला यायचे. आवाजाचं नाव त्यांनी ठेवलं — नणंदबाई. वाजला की म्हणायचे, "आल्या! आता काढतील चुका." तेव्हापासून तेच नाव. सिस्टरना सांगितलं, हसतील म्हणून. हसल्या. मग गिअर टाकता टाकता म्हणाल्या, "माझी नणंद बोलायची ते खरंच असायचं. तोच तर त्रास होता."

हात चांगला आहे त्यांचा. क्लच असा सोडतात की भरलेला पेला सांडणार नाही. मागे घेणं, चढावर थांबवून उचलणं, सगळं येतं. तीस वर्षांत असे हात पाचसहाच बघितले. आणि नापास होणार त्या एका टुंगसाठी.


८ फेब्रुवारी, शनिवार

आज ओरडले. ओरडायला नको होतं.

पुलावर उतरल्या. पुलावर थांबायचंच नसतं, उतरायचं तर दूरच. मी हात धरला. म्हटलं, "चालवा. बंद आहे दार. माझ्यावर विश्वास ठेवा." त्यांनी हात सोडवून घेतला. जोराने नाही. एखाद्या रुग्णाने हात धरला तर सोडवतात तसा, एकेक बोट. गेल्या, धक्का दिला, आल्या.

मग मी बोलले. तुम्हाला जागा हवी की दार हवं? वय काय, लहान मुलासारखं काय? दीड वर्षात इतके लोक याच गाडीत शिकून गेले, ते काय सगळे मूर्ख?

त्यांनी पट्टा लावला, गिअर टाकला. परत येईपर्यंत गाडी वाजली नाही. हेही नेहमीचंच — त्या उतरून आल्या की दहाएक मिनिटं शांत असते. थांबवून पुन्हा निघालं की विसरत असेल.

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू आपल्या लेकीलाही असंच शिकवलंस. ती अजून गाडी चालवत नाही."


१० फेब्रुवारी, सोमवार

आज गाडी चालवलीच नाही. मैदानाच्या भिंतीशी उभी केली, इंजिन बंद. मी म्हटलं, शनिवारी जास्त बोलले. त्या म्हणाल्या, नाही, बरोबर बोललात. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मी शिकवलेल्या जागी, गाडी बंद असतानाही.

"अकरा नंबरची खाट होती," म्हणाल्या.

जसं बोलल्या तसं लिहिते.

"बोटाला लावायची क्लिप सैल होती. निसटायची. निसटली की मशीन ओरडायचं. दुपारभर. मी चार वेळा गेले. चारही वेळा माणूस ठणठणीत. पेपर वाचत होते. मला म्हणाले, सिस्टर, तुमचं मशीन माझ्यापेक्षा आजारी आहे. पाचव्यांदा वाजलं तेव्हा मी दुसऱ्या खाटेशी होते. हात गुंतलेले. हात मोकळे झाले तरी गेले नाही. टेबलावरूनच आवाज बंद केला."

मी विचारलं, "मग?" विचारायला नको होतं.

"पाचव्यांदा क्लिप जागेवर होती."

समोरच्या मैदानात कोणीतरी पळत होतं. एक फेरी पूर्ण झाली, दुसरी सुरू झाली.

चौकशी झाली. मशीनमध्ये दोष होता, असं लिहिलं गेलं. "मला कोणी काही बोललं नाही, मॅडम. कोणीच काही बोललं नाही." दोनदा म्हणाल्या. वॉर्डात परत जाणार नाहीत. घरोघरी जायचं आहे ते यासाठी. "एका वेळी एकच माणूस. बाकी कुठे हात गुंतणार नाही."

मग किल्ली फिरवली. निघालो. पहिल्या उजव्या वळणावर टुंग. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जा. बघून या."


११ फेब्रुवारी, मंगळवार

एकोणीस दिवस मी त्या बाईला रोज सांगत होते — लक्ष देऊ नका, खोटा आहे.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

गाडी बॅटरीवाल्याकडे नेली. गाड्यांच्या वायरी, दिवे, बॅटऱ्या हेच त्याचं काम. चाळीस वर्षं. दुकान एवढंसं, की गाडी रस्त्यावर आणि तो गाडीखाली.

दारातला स्विच काढला, दिवा जोडून तपासला. दाबला की विझतो, सोडला की लागतो. "एकदम चांगला, ताई. नव्यासारखा." चटई उचलून वायर पार मागपर्यंत तपासली. "वायर पण चांगली."

"मग वाजते का?"

"म्हातारी झाली. म्हाताऱ्या माणसाला उगाच हाका मारायची सवय असते. माझी आई मारते. धावत गेलो की म्हणते, काही नाही रे, आहेस का बघितलं."

दाराचं लॉक उघडून बघायचं तर पत्र्याचं काम करणाऱ्याकडे जा म्हणाला. "मी पत्र्याला हात लावत नाही. तो माझ्या वायरींना लावत नाही. म्हणून आमचं पटतं." पत्र्यावाल्याकडे गेले. आठ गाड्या रांगेत. पंचवीसनंतर या म्हणाला.

परत बॅटरीवाल्याकडे. परीक्षेपुरतं काही? हो, म्हणाला, सोपं आहे. डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या उजवीकडे पिवळी वायर. ती तोडली की गप्प. "पण मग कशालाच बोलणार नाही. पट्टा नाही, हँडब्रेक नाही, इंजिन उकळलं तरी नाही. सगळ्यांना मिळून घसा एकच आहे. आणि ते लाल चित्रही जाईल, त्याच वायरीवर आहे. तोडू?"

नको म्हटलं. तसं म्हणताना बरं वाटलं.

घरी येऊन यांना — "स्विच चांगला, वायर चांगली, तरी वाजते!"

हे म्हणाले, "मग उरलं काय?"

"वय," मी म्हटलं.


१५ फेब्रुवारी, शनिवार

परीक्षेचा रस्ता आज दोनदा फिरलो. तो रस्ता मला पाठ आहे. सात वळणं, त्यातली पाच उजवी. सिस्टर पहिल्या फेरीत दोनदा उतरल्या. दुसऱ्या फेरीत नाही उतरल्या. ओठ दाबून चालवत राहिल्या. टुंग टुंग वाजत राहिलं. गाडी अशी चालवली की मी दोनदा माझा ब्रेक दाबला. घाम मानेवरून ओघळत होता. शेवटी बाजूला घेतली आणि दार उघडून बाहेर वाकून ओकल्या.

"सोमवारी करेन," म्हणाल्या. "सोमवारी नाही उतरणार."

त्यांना सोडलं. घरी आले. उन्हं होती अजून. यांची मिशांची कात्री घेतली, खाली गेले, गाडीत उताणी झोपून डॅशबोर्डखाली हात घातला. पिवळी वायर चटकन सापडली. अकरा नंबरची खाट आठवली. आठवली तरी तोडली.

मनाशी म्हटलं — हे वेगळं आहे. तिथे माणूस होता. इथे नुसतं दार आहे, आणि दार बंद आहे.

"अगं, माझी कात्री कुठाय?" हे.

धुवून ठेवली.


१७ फेब्रुवारी, सोमवार

पास!

सगळं लिहायला हवं.

परीक्षेआधी एक फेरी मारायची म्हणून सकाळीच निघालो. पहिलं उजवं वळण. शांत. दुसरं. शांत. गतिरोधक. सिस्टरनी गाडी बाजूला घेतली.

"आवाज?"

"दुरुस्त केला."

"काय झालं होतं?"

"स्विच."

दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, कळलं. पण त्यांचा चेहरा मोकळा झाला. एकदम. असा चेहरा त्यांना आहे हे मला माहीतच नव्हतं. "इतकं शांत असतं होय गाडीत!" म्हणाल्या. मग हसायलाच लागल्या. "म्हणजे तो खोटाच होता. खरंच खोटा होता."

"तेच तर सांगत होते," मी म्हटलं.

साहेब नेहमीसारखे. पोट आधी गाडीत, मागून साहेब. सात वळणं, चढ, मागे घेणं. मी फाटकाशी उभी. परत आल्यावर साहेब उतरले, कागदावर सही केली, मला म्हणाले, "बाई, हिला तुम्ही शिकवलंत की ही तुम्हाला शिकवते?" साहेबांनी तीस वर्षांत केलेला हा एकुलता एक विनोद.

सिस्टरनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे हात कोरडे होते. पहिल्यांदाच.

मी केलं ते बरोबर केलं. लायसन्स हातात. जागा मिळणार. वायर काय, जोडता येते. पंचवीसनंतर दारही उघडून बघून घेईन.


१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाजारापर्यंत हँडब्रेक ओढलेला ठेवून गेले. मी! जळका वास आला तेव्हा कळलं. ती बोलली असती.


१९ फेब्रुवारी, बुधवार

सिस्टर घरी आल्या. यांच्या प्लास्टरखाली ठेवायला स्पंजची उशी घेऊन. यांचा पाय बघितला, बोटं दाबून बघितली, टाचेपाशी घासतंय ते बरोबर ओळखलं. महिनाभर मला सांगत होते घासतंय म्हणून. मी म्हणत होते, प्लास्टर आहे, घासणारच.

हे खूश. "सिस्टर, तुमची पहिली घरभेट समजा. पण हिला सांगा, पाय खोटं बोलत नाही."

त्या हसल्या. "काका, मॅडमना सगळं माहीत असतं. कोणता आवाज ऐकायचा आणि कोणता नाही."

मी पाणी आणायला आत गेले.

प्लास्टर काढायला शुक्रवारी सकाळी जायचं आहे. सिस्टर म्हणाल्या, "गाडी मी चालवते. नाही म्हणू नका. लायसन्स मिळाल्यावर पहिली फेरी तुमच्यासाठी." हे पुढे बसू शकत नाहीत, पाय वाकत नाही. मागे आडवे बसवायचं, पाय सीटवर लांब करून. दवाखान्यातून आणलं तेव्हा दवाखान्याच्याच गाडीने असं आणलं होतं. पाठ डाव्या दाराला टेकवून.


२० फेब्रुवारी, गुरुवार

सांगायला हवं होतं. आज दोनदा फोन हातात घेतला.

काय सांगणार? की तुम्ही ज्या शांततेत पास झालात ती मी कात्रीने केली? की "खरंच खोटा होता" म्हणून हसलात, ते मी स्विचच्या नावाने हसवलं? अठ्ठावीसला कागद दाखवतील, एक तारखेला कामावर जातील. त्यांना झोप लागते आता, म्हणाल्या. ती मोडू?

वायर पुन्हा जोडली तर उद्या वाजेल. उजव्या वळणावर. मग विचारतील.

न जोडलेलीच बरी. दार बंद आहे. दीड वर्षं शंभरदा बघितलंय — बंद आहे. मागे आजवर बसलं कोण? शिकणारा पुढे, मी पुढे. मागे कोणी नसतंच.

यांनी उद्याचे कपडे काढून ठेवलेत. लेंग्याचा डावा पाय उसवून. म्हणतात, आजचा शेवटचा दिवस लंगडेपणाचा, साजरा करूया. करू म्हटलं.


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी आठला सिस्टर आल्या. यांना आम्ही दोघींनी उजव्या दाराने आत सरकवलं, पाय सीटवर, टाचेखाली उशी. हे मागे रेलणार, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "थांबा काका, टेकू नका." रुग्णाला खाटेवर ठेवलं की बाजूचा कठडा दाबून बघतात, तशी सवय. यांच्या पाठीमागून हात घालून डाव्या दारावर आतून तळवा ठेवला आणि दाबला.

दार उघडलं. सहज. काही अडकलेलंच नव्हतं.

बाहेरून लावलं, बंद दिसलं. आतून दाबलं, उघडलं. चार वेळा. कमरेने जोराचा धक्का दिला की मात्र कडी पुरती बसायची आणि थोडा वेळ धरायची.

मी फुटपाथवर उभी. सिस्टर गाडीत पुढे जाऊन बसल्या. किल्ली फिरवली. दार तसंच उघडं. लाल चित्र नाही. आवाज नाही.

"दुरुस्त केला म्हणालात."

"वायर तोडली," मी म्हटलं.

"कुठे आहे?"

दाखवली. त्यांनी पर्समधून पांढरी चिकटपट्टी काढली, जखमेवर लावतात ती. वायरीची टोकं दातांनी सोलली, पिळली, वर पट्टी गुंडाळली. मग दार लोटलं, गाडी वीस पावलं पुढे नेली. टुंग टुंग टुंग. वीस पावलं मागे आणली. वाजतच होती. यांनीही ऐकली, पाय लांब करून, पाठ न टेकता. कोणी काही बोललं नाही.

दवाखान्यात टॅक्सीने गेलो. हे मागे आडवे, सिस्टर त्यांच्या कमरेशी, सीटच्या कडेवर अंग चोरून. टॅक्सीचं दार चांगलं होतं. तरी दवाखाना येईपर्यंत त्यांनी यांच्या पाठीमागून हात घालून ते धरून ठेवलं होतं.